शेतात बांधलेले गलबत

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा माझ्याकडून सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चाचा आढावा येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाकडून दुसरे काय मागणार! पण तो आढावा आपल्या खजिनदारांनी माझ्यापेक्षा चांगला लिहिला आहे, तो याच अंकात आहे. मी लिहितो आहे एका दर्यावर्दी माणसावर. गोंदियाच्या स्मरणिकेत समुद्र कुठून आला असे कुणी म्हणेल तर ते बरोबरच आहे. आपल्यापासून मुंबईचा समुद्र हजारेक किलोमीटर, हावडा-मुंबई गाडीत एक रात्र काढल्याशिवाय दिसत नाही. आपले पाणी म्हणजे मामा तलाव, शेतातल्या बोड्या, नवेगाव बांध, इटियाडोह आणि वैनगंगा. आणि आपले जहाज म्हणजे ढिवर बांधवांचा डोंगा.

पण झाले असे की माझ्या नातवाने गेल्या वर्षी मर्चंट नेव्हीत जायचे ठरवले. सध्या बारावीला आहे. तेव्हापासून आमचे घर म्हणजे गोदी झाली आहे. भिंतीवर जगाचा नकाशा, बाल्कनीच्या ग्रिलला दोऱ्यांच्या गाठीच गाठी. त्याची आई कपडे वाळत घालायला जाते आणि आधी गाठी सोडत बसते. प्रवेश परीक्षेची पुस्तके, डोळ्यांची तपासणी, रंग नीट ओळखता येतात की नाही त्याची तपासणी, सगळे चालू आहे. त्याच्या आईच्या पोटात गोळा येतो, ती बोलून दाखवत नाही. याच पोराने मला मोबाईलवर एक जुने इंग्रजी पुस्तक काढून दिले आणि आजोबा वाचा म्हणून मागे लागला. अक्षर मोठे करून करून मी ते दोनदा वाचले, मग त्या माणसाबद्दल आणखी जे मिळाले तेही वाचले. तो माणूस म्हणजे कॅप्टन जोशुआ स्लोकम. शिडाच्या लहानशा गलबतातून एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारा पहिला माणूस. 1895 साली निघाला आणि 1898 साली परत आला.

त्या फेरीवर जगभर लिहिले गेले आहे. मला मात्र जास्त गुंतवले ते फेरीच्या आधीच्या भागाने. हा माणूस जमिनीवर उभा राहून, दुसऱ्याच्या कुरणात, हाताला काम नसताना, त्या प्रवासाची तयारी कशी करत होता ते.

स्लोकमचा जन्म 20 फेब्रुवारी 1844 चा, कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कॉशिया म्हणून प्रांत आहे तिथला. अकरा भावंडांत हा पाचवा. आजोळ दीपगृहवाल्यांचे, आईचे वडील दीपगृह सांभाळत. वडील आधी शेती करत, मग कातडी बूट शिवायच्या धंद्यात पडले आणि मुलाला दहाव्या वर्षी शाळेतून काढून त्याच कामाला बसवले. दिवसभर कातडे, डिंक आणि खिळे. पोराचे लक्ष खिडकीबाहेरच्या पाण्याकडे. त्याने लपूनछपून तळघरात एका जहाजाची लहान प्रतिकृती बनवली होती. वडिलांच्या हाती ती लागली, त्यांनी ती आपटून फोडली आणि पोराला बदडून काढले. चौदाव्या वर्षी तो पळाला आणि मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी म्हणून लागला, पण परत यावे लागले. 1860 मध्ये आई गेली आणि मग त्याने घर कायमचे सोडले. तेव्हा वय सोळा.

पुढची वीस-पंचवीस वर्षे मी भरभर सांगतो. साधा खलाशी म्हणून चढला, अठराव्या वर्षी जहाजावर अधिकारी झाला, पंचविशीत कॅप्टन. अमेरिकेचा नागरिक झाला. सॅन फ्रान्सिस्कोहून माल घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला असता सिडनीत व्हर्जिनिया वॉकर या मुलीशी ओळख झाली आणि 31 जानेवारी 1871 रोजी लग्न झाले. ही बाई लग्नानंतर थेट जहाजावर राहायला गेली. पुढची तेरा वर्षे तिचे घर म्हणजे नवऱ्याचे जहाज, मग ते अलास्काकडे जावो की चीनकडे. सात मुले झाली, ती सगळी समुद्रावर नाहीतर कुठल्या तरी परक्या बंदरात. त्यातली चार जगली. त्यांचा अभ्यास तीच घेई. जहाजावर पुस्तकांची कपाटे होती. शाळा दहाव्या वर्षी सुटलेला हा बाप स्वतः रात्री वाचत बसे. त्याचे पुढचे लेखन वाचताना त्याची शाळा इतक्या लवकर सुटली होती हे खरे वाटत नाही.

1884 च्या जुलैत अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स बंदरात, जहाजावरच, व्हर्जिनिया वारली. पस्तिशीही झाली नव्हती. तिथून या माणसाची उतरंड सुरू झाली असे त्याच्या मुलांचेही मत होते. दोन वर्षांनी त्याने नात्यातल्याच हेन्रिएटा नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तिला हेटी म्हणत. स्लोकम तेव्हा बेचाळीसचा. लग्न होताच तिला आणि मुलांना घेऊन समुद्रावर निघाला. वादळे, जहाजावर देवीची साथ, खलाशांचे बंड, काय काय त्या पोरीने पहिल्याच प्रवासात पाहिले. शेवटी ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज वाळूत रुतले आणि फुटले. त्याची सगळी पुंजी त्या जहाजात होती, आणि तीच बुडाली.

इथे त्याचा खरा गुण दिसतो. परत जायला पैसे नव्हते, तर त्याने मोडक्या जहाजाचे सामान आणि तिथल्या जंगलातले लाकूड घेऊन 35 फुटांची एक होडी बांधली. हेटी शिवणकाम जाणणारी, तिने शिडे शिवली. होडी पाण्यात लोटली तो दिवस 13 मे 1888. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, म्हणून होडीचे नाव त्यांच्या भाषेतला स्वातंत्र्य हा शब्द, लिबरदादे. त्या होडीत नवरा, बायको आणि दोन मुले असे साडेपाच हजार मैल अमेरिकेला आले. किनाऱ्याला लागल्यावर हेटीने मनाशी काय ठरवले असेल ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. यानंतर ती नवऱ्याबरोबर लांबच्या प्रवासाला कधी गेली नाही. पुढे तिला विचारले तेव्हा एक प्रवास झाला तेवढा पुरे, अशा अर्थाचे काहीसे तिने सांगितले. मला त्यात तिचे काही चुकले असे वाटत नाही.

तर आता 1892 चा हिवाळा. स्लोकम बोस्टनमध्ये आहे, वय अठ्ठेचाळीस. शिडाच्या जहाजांचा जमाना संपत आलेला, सगळीकडे वाफेच्या बोटी. त्याच्यासारख्या कॅप्टनांना कुणी विचारत नाही. गोदीत सुतारकाम करायचे म्हटले तर तिथल्या एका सोसायटीला आधी 50 डॉलर भरल्याशिवाय हत्यार हातात घेता येत नाही. (सेक्रेटरी साहेबांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.) अशा वेळी देवमाशांच्या शिकारीवर आयुष्य काढलेला त्याचा जुना ओळखीचा एक कॅप्टन, एबेन पियर्स, त्याला भेटला. माझ्याकडे एक गलबत आहे, थोडी दुरुस्ती लागेल, हवे तर घेऊन जा, असे म्हणाला. स्लोकम दुसऱ्याच दिवशी फेअरहेवनला पोचला. न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या बंदरासमोरचे हे गाव.

गलबत पाण्यात नव्हतेच. समुद्रापासून थोड्या अंतरावर एका कुरणात, दोन्ही बाजूंनी टेकू लावून, वर ताडपत्री टाकून ठेवले होते. सात वर्षे तसेच पडून. गावाला ती पियर्सने केलेली गंमत वाटत होती. नाव स्प्रे. कधीकाळी कालवे धरायच्या कामाची होडी असावी, लोक म्हणत शंभर वर्षांची आहे. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर मोडकी बैलगाडी पडलेली असते आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालतात, तसे ते दृश्य मी डोळ्यासमोर आणले.

इथे मला आपले जुने दिवस आठवतात. आपली ही जागा म्हणजे धानाची बांधी होती, जुन्या सभासदांना ठाऊक आहे. पायाभरणीनंतर दर रविवारी आम्ही चार-पाच जण बायका-पोरांसह यायचो आणि खांब किती वर आले ते पाहायचो. येणारा-जाणारा थांबून एकच गोष्ट विचारायचा, हे परवडणार आहे का. स्लोकमने ताडपत्री काढून कामाला सुरुवात केल्याबरोबर फेअरहेवनचे लोकही हेच विचारत. आधी वाटले मोडून भंगारात विकणार. नाही, दुरुस्त करणार म्हटल्यावर प्रत्येकाच्या तोंडी हे फायद्यात कसे बसेल हाच प्रश्न. खरे सांगायचे तर त्या काळी फेअरहेवनमध्ये माझी शाखा असती आणि हा माणूस कर्ज मागायला आला असता तर मी दिले नसते. वय पन्नाशीकडे, उत्पन्न नाही, तारण म्हणून एक कुजकी होडी आणि प्रोजेक्ट रिपोर्ट विचारला तर काही नाही. आजही देणार नाही कुणी.

त्याने कुणाकडे मागितलेही नाही. काम कसे केले ते पाहा. जवळच्या कुरणात ओकचे एक सरळ झाड हेरले आणि कुऱ्हाडीने पाडले, तो नव्या गलबताचा कणा. एका शेतकऱ्याने थोड्या पैशांत ते झाड आणि फासळ्यांपुरते लाकूड ओढून आणून दिले. फासळ्यांच्या कांबी वाकवायच्या तर वाफ हवी. त्याने एक लांब पेटी केली, एका भांड्याचा बॉयलर केला. कांबी वाफवून मऊ झाल्या की साच्यावर वाकवायच्या आणि गार होईपर्यंत बांधून ठेवायच्या. रोज थोडे थोडे. पुढचा नाळेचा खांब कुरणातल्याच पांढऱ्या ओकचा, गाठीगाठींचा, कठीण. पुढे हिंदी महासागरात कीलिंग बेटांजवळ हीच नाळ पोवळ्याच्या एका खडकावर आदळली, खडक दुभंगला आणि नाळेला ओरखडाही उठला नाही. फळ्या दीड इंच जाडीच्या जॉर्जिया पाईनच्या. फळ्यांच्या फटींत आधी कापूस आणि मग डांबरलेल्या दोराचा चोथा ठोकून बसवला. आपल्या गावच्या सुताराला यातले निम्मे तरी कळेल आणि आवडेलही.

देवमाशांच्या शिकारीतून निवृत्त झालेले म्हातारे कॅप्टन रोज येऊन बसायचे. काम थांबवून गप्पा. हे लाकूड बर्फ फोडील, हे ग्रीनलंडपर्यंत चालेल, असे त्यांचे शेरे. स्लोकम त्यांच्यासाठी हत्यार खाली ठेवायचा आणि ऐकायचा. आपल्या गेटजवळच्या बाकावर संध्याकाळी आम्ही जे करतो त्याचीच ही तिकडची शाखा. फरक एवढाच की तिथे समोर कुणीतरी काम करत होते.

जुनी फळी काढायची, त्याच जागी नवी बसवायची, असे करत करत जुन्या गलबताचे काहीच उरले नाही. मग हे जुने स्प्रे की नवे, असा वाद तिथे झाला. दर्यावर्दी लोकांच्या रीतीप्रमाणे सगळे बदलले तरी ते जुनेच गलबत, नावही जुनेच राहते. आपल्या सोसायटीची लिफ्ट बदलली, पाण्याच्या लाईनी बदलल्या, गच्चीचे वॉटरप्रूफिंग दोनदा झाले, निम्मे सभासदही बदलले. रजत महोत्सव मात्र त्याच सोसायटीचा.

सगळे तयार झाले तेव्हा गलबत साडेछत्तीस फुटांहून थोडे लांब आणि चौदा फुटांच्या वर रुंद होते. खर्च 553 डॉलर 62 सेंट, सामानाचा. मजुरी स्वतःची. वेळ तेरा महिने, त्याहून काही महिने अधिक, कारण मधूनमधून बंदरात उभ्या जहाजांवर सुतारकाम मिळाले तर तो करत होता. तेच त्याचे खेळते भांडवल. 62 सेंटपर्यंत हिशेब ठेवणारा हा माणूस मला तिथेच आवडला. ज्याला लोक वेडा समजतात तो पैशाचा हिशेब असा ठेवत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

तयारी म्हणजे नुसते गलबत नव्हे. समुद्रावर एकट्याला रात्री झोप कशी मिळणार हा मोठा प्रश्न. स्प्रेचा कणा लांब होता, शिडे नीट लावून सुकाणूचे चाक दोरीने बांधले की ते आपली दिशा आपणच धरून चालायचे. म्हणून तर पुढे ऑस्ट्रेलियाच्या बाजूने कीलिंग बेटांपर्यंतच्या 2,700 मैलांत, 23 दिवसांत, त्याला सुकाणूशी तीन तासही बसावे लागले नाही. बाकीच्या वेळात वाचन, स्वयंपाक, शिवणटिपण. ग्लॉस्टर बंदरात त्याने एक जुनी डिंगी घेतली, ती आख्खी गलबतावर मावेना तर मधोमध कापून अर्धी ठेवली. किनाऱ्यावर जायला होडी तीच, कपडे धुवायला आणि अंघोळीला टबही तीच. कुणीतरी दोन वातींचा दिवा दिला. रात्री उजेडाला आणि दिवसा थोडी खटपट करून त्यावरच चहा-जेवण. पोटासाठी खारवलेले मासे, बिस्किटे, बटाटे, पीठ, साखर, चहा-कॉफी.

आणि घड्याळ. समुद्रावर आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे काढायचे तर बिनचूक घड्याळ लागते, नाहीतर रेखांशाचा हिशेब चुकतो. त्याच्याकडे जुने चांगले घड्याळ होते पण ते दुरुस्त करायला 15 डॉलर लागणार होते. ते घरीच ठेवले. नोव्हा स्कॉशियातल्या एका दुकानात पत्र्याचे साधे घड्याळ दीड डॉलरला होते. त्याची काच फुटलेली, म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिले. त्या एक डॉलरच्या घड्याळावर हा माणूस पृथ्वीला फेरी घालून आला! अर्थात घड्याळाच्या मागे चंद्र-ताऱ्यांवरून गणित करायची पस्तीस वर्षांची सवय होती, ती कुठल्या दुकानात मिळत नाही. नातवाला मी हे दोनदा वाचून दाखवले, कारण त्याच्या यादीत आठ हजारांचे एक घड्याळ आहे.

मधे एक हंगाम त्याने या गलबतातून मासेमारी करून पाहिली. जमले नाही. गळाला आमिष कसे लावायचे हेच आपल्याला नीट येत नाही असे त्याच्या लक्षात आले. मग पृथ्वीप्रदक्षिणेचा निर्णय. 24 एप्रिल 1895 रोजी दुपारी बोस्टनहून शीड उभारले. वय एक्कावन्न. तो पोहू शकत नव्हता असे सांगतात, आणि हे मी घरात अजून कुणाला सांगितलेले नाही.

फेरीची हकीकत थोडक्यात. आधी अटलांटिक ओलांडून जिब्राल्टर. तिथून भूमध्य समुद्रातून जायचा बेत होता, पण चाच्यांची भीती सांगितली म्हणून उलटे वळून पुन्हा अटलांटिक ओलांडला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मॅगेलनच्या सामुद्रधुनीत त्याला एकाने पिशवीभर टोकदार खिळे दिले होते. रात्री झोपताना ते डेकवर पसरून ठेवायचे. अनवाणी चोर चढले, ओरडत परत पाण्यात. पुढे पॅसिफिकमध्ये 72 दिवस एकही बंदर घेतले नाही. बोलायची सवय जाऊ नये म्हणून तो सुरुवातीला स्वतःलाच मोठ्याने हुकूम द्यायचा, मग गाणी म्हणायला लागला. सामोआ, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका. आफ्रिकेत क्रूगर नावाचे राष्ट्राध्यक्ष भेटले, ते पृथ्वी सपाट आहे असे मानणारे, त्यांना पृथ्वीभोवती फेरी हा शब्दच मान्य नव्हता. सेंट हेलेना बेटावर कुणी बकरी भेट दिली, तिने वेस्ट इंडिजचा नकाशा खाऊन टाकला. भेटवस्तू घेताना विचार करावा हे खरे. खर्चासाठी वाटेत ठिकठिकाणी व्याख्याने देई, लोक तिकीट काढून येत. 27 जून 1898 च्या मध्यरात्रीनंतर न्यूपोर्टला पोचला. एकूण 46,000 मैल.

नातवाने मला विचारले की आपल्या माणसांत कुणी असे केले का. केले, आणि ते पाहून मला बरे वाटले, कारण त्याची सुरुवातही समुद्रापासून लांब झाली. नौदलातून निवृत्त झालेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी फलटणजवळच्या विंचुर्णी गावी शेतावर राहत. सातारा जिल्ह्यातला तो कोरडा भाग, समुद्र तिथूनही दिसत नाही. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा त्यांचा ध्यास. नौदलाने तो उपक्रम घेतला, कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नौका गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या बोटयार्डात बांधली, आणि दोंदे बांधकामाच्या वेळी तिथे होते. नाव ठेवले म्हादेई, म्हणजे मांडवीचेच दुसरे नाव. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये चार बंदरांना थांबून परत आले. प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी सुमारे तीन वर्षांची. पुढे त्याच नौकेतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. आवटी साहेब 2018 साली विंचुर्णीतच वारले. गोंदिया समुद्रापासून लांब आहे ही माझी तक्रार त्यानंतर मी घरात करत नाही.

आता स्लोकमचे शेवटचे. परत आल्यावर तो न्यूपोर्टला थांबला नाही. 3 जुलैला स्प्रे घेऊन फेअरहेवनला गेला. गलबत पहिल्यांदा पाण्यात लोटले तेव्हा ते बांधायला काठावर देवदाराचा एक खुंटा ठोकला होता. त्याच खुंट्याला त्याने ते परत नेऊन बांधले. घराच्या याहून जवळ आणता येत नव्हते.

1900 साली त्याचे पुस्तक निघाले आणि गाजले. पैसा आला. 1902 मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याने शेत आणि घर घेतले. हेटीला वाटले असेल की आता संपले. झाडे लावली, पण त्याचे मन शेतात रमले नाही. हिवाळा आला की स्प्रे घेऊन एकटा वेस्ट इंडिजकडे जायचा, उन्हाळ्यात परत. ज्या हातांनी जमिनीवर गलबत उभे केले त्या हातांना जमिनीवर घर मात्र नीट धरता आले नाही, असे मला वाटते. साठी उलटून गेल्यावर तो असाच एकदा स्प्रे घेऊन निघाला आणि परत आला नाही. ना गलबत सापडले, ना तो. वादळ, की रात्री कुठल्या बोटीची धडक, कुणाला माहीत.

कोर्टाने त्याला मृत ठरवले ते 1924 साली. हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवले. माझी निम्मी नोकरी डिपॉझिट आणि क्लेमच्या टेबलावर गेली. माणूस बेपत्ता झाला की त्याच्या बायकोचे काय होते ते मी काउंटरच्या आतून पाहिले आहे. आपल्या कायद्यात सात वर्षे काही खबर नसेल तर माणूस गेला असे धरता येते, आणि त्या सात वर्षांत तिला दर वेळी एकच गोष्ट सांगावी लागते, बाई, दाखला आणा. आमच्याकडे तलावात बुडालेल्या एका ढिवराचे प्रेत मिळाले नव्हते. त्याच्या बायकोला मी स्वतः तीनदा परत पाठवले होते. नियम होता. हेटीला तर दहाच्या वर वर्षे लागली.

हा लेख सुनेने वाचला. तिने पोहण्याबद्दलचे वाक्य वाचले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन पोहण्याच्या क्लासची फी भरून आली. बाल्कनीतल्या गाठी तिने अजून सोडलेल्या नाहीत, कपडे सध्या गच्चीवर वाळतात. आणि मी नातवाला बँकेत नेऊन त्याच्या सेव्हिंग खात्याचा नॉमिनेशन फॉर्म भरून घेतला. नॉमिनी म्हणून त्याने आईचे नाव लिहिले.